कानातली बॅटरी कोण बदलणार?

एप्रिल २०२३ मध्ये मुंबईच्या 'बेस्ट' उपक्रमाने एक आदेश काढला. बसमध्ये मोबाइलवर मोठ्या आवाजात बोलायचं नाही आणि गाणी, व्हिडिओ असं काही लावायचं असेल तर हेडफोन घालूनच ऐकायचं; जुमानलं नाही तर पोलीस कायद्याखाली कारवाई. त्याआधी २०२१ च्या नोव्हेंबरात कर्नाटक उच्च न्यायालयाने तिथल्या सरकारी बसमध्ये मोबाइलवर मोठ्याने गाणी वाजवायला मनाई केली होती. दोन्ही निर्णय मला मनापासून पटले. एका बाजूने कीर्तन, दुसऱ्या बाजूने रील आणि समोरून कुणाचं तरी साडूशी चाललेलं जमिनीचं भांडण, अशा तिहेरी माऱ्यात ज्याने ठाणे ते दादर प्रवास काढला आहे तो याला विरोध करणार नाही.

पण या आदेशाचा एक अर्थ फारसा कुणी बोलून दाखवला नाही. ज्या वस्तूशिवाय बसमध्ये फोनवर काही ऐकणं नुसतं असभ्य नाही तर कारवाईला पात्र ठरतं, ती वस्तू कुणाच्या हौसेपुरती उरत नाही. बिनवायरीचा हेडसेट, मग तो कानात खोचायच्या दोन बड्सचा असो, गळ्यातल्या नेकबँडचा असो की डोक्यावरून घ्यायचा असो, आज शहरातल्या रोजच्या जगण्याचं साधन झाला आहे. ग्राहकसेवेच्या नोकरीत दिवसाचे आठ तास तो कानावर असतो. २०२० च्या टाळेबंदीत शाळा घरात आली तेव्हा एका खोलीत दोन मुलांचे दोन वर्ग चालवायचे तर त्याला पर्याय नव्हता. घरपोच जेवण आणून देणारा पोरगा गिऱ्हाइकाला पत्ता त्यातूनच विचारतो, आणि पोळ्या लाटता लाटता न्यू जर्सीतल्या लेकीशी बोलणाऱ्या आजीच्या कानातही तोच असतो. म्हणून या वस्तूचं आयुष्य किती, ही मला एखाद्या ग्राहकाची खासगी कुरकुर वाटत नाही. तो धोरणाचा प्रश्न आहे. माझं म्हणणं सरळ आहे: ज्या बड्सची बॅटरी बदलता येत नाही, ते भारतात विकायला परवानगी असू नये.

बड्सच्या म्हातारपणाची लक्षणं आता सगळ्यांना पाठ झाली आहेत. नवे असताना पाच तास चालणारे बड्स हळूहळू तीन तासांवर येतात. मग एक कान दुसऱ्याच्या आधी मान टाकतो. बोलण्याचा भार ज्या बडवर जास्त, तो बहुधा आधी जातो, कारण माइक चालू असला की बॅटरी गाणी ऐकण्यापेक्षा भराभर उतरते आणि पुष्कळ जण फोनवर बोलताना एकच बड लावतात. पुढे ऐन बोलण्यात त्या यंत्रातली बाई इंग्रजीत 'बॅटरी लो' असं बजावते आणि समोरच्याचं वाक्य अर्ध्यात तुटतं. शेवटी डबीत ठेवलेला एक बड चार्जच होत नाही. दुसरा ठणठणीत असतो. स्पीकर ठीक, माइक ठीक, ब्लूटूथची चिप ठीक, डबी ठीक, आणि तरी अख्खा संच टाकाऊ. दुकानदार म्हणतो, याचं काही होत नाही साहेब, नवीन घ्या, आता ऑफर चालू आहे.

यात गूढ काही नाही. एका बडमध्ये साधारण ३० ते ६० मिलिअँपिअर-तास क्षमतेची लिथियम-आयन सेल असते. हातातल्या फोनची बॅटरी आज ५,००० च्या घरात असते. अशी सेल पूर्ण उतरून पूर्ण भरण्याच्या ३०० ते ५०० फेऱ्या झाल्या की तिची क्षमता मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते, आणि घसरण तिथे थांबत नाही. फोनची एक फेरी व्हायला दिवस जातो. आठ तास कॉल घेणाऱ्या माणसाच्या बड्सच्या दिवसाला दोन फेऱ्या सहज होतात, एक जेवणाच्या सुट्टीपर्यंत आणि दुसरी घरी जाईपर्यंत. म्हणजे कामाचे २५० दिवस भरले की ५०० फेऱ्या पुऱ्या. वॉरंटी बहुधा एका वर्षाची असते आणि बॅटरीची स्वाभाविक झीज तिच्यात सहसा धरलेली नसते. शिवाय लिथियम सेलला दोन गोष्टी सोसत नाहीत: सतत काठोकाठ भरलेलं राहणं आणि उष्णता. पहिली गोष्ट डबी रोज करते, कारण बड्स कानातून निघाले की डबीत आणि डबीत गेले की पुन्हा शंभर टक्के. दुसरीची सोय आपलं हवामान करतं. मे महिन्यात नागपूर-चंद्रपुरात पारा ४५ अंशांच्या वर चढतो, तेव्हा दुचाकीच्या डिकीत राहिलेल्या डबीला काय सोसावं लागत असेल याची कल्पना करा.

झीज टळणार नाही, हे मान्य. पण ती होणार हे बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. तरीही सेल अशी बसवायची की ती बदलायला कवच फोडावंच लागेल, हा कुणीतरी टेबलावर बसून घेतलेला निर्णय असतो. ॲपलचे पहिले एअरपॉड्स २०१६ च्या डिसेंबरात बाजारात आले तेव्हा वस्तू उघडून त्यांची दुरुस्तीयोग्यता तपासणाऱ्या 'आयफिक्सइट' या संस्थेने त्यांना दहापैकी शून्य गुण दिले. आतलं सगळं गोंदाने चिकटवलेलं, मोडतोड न करता आत शिरायला वाटच नाही. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आयफोन ७ मधून हेडफोनचा साडेतीन मिलिमीटरचा जॅक काढून टाकताना त्या कंपनीने व्यासपीठावरून 'धैर्य' हे कारण दिलं होतं. पुढच्या काही वर्षांत बाकीच्या बहुतेकांनीही एकेक करून महागड्या फोनमधून जॅक काढला. फोनला वायर जोडायची जागाच गेली की बिनवायरीचा हेडसेट ही आवड राहत नाही, भाग पडतं. हे धैर्य बनवणाऱ्याने दाखवलं. भुर्दंड मात्र गिऱ्हाइकाच्या वाट्याला आला.

जॅकच्या काळाचं मला उगाच कौतुक करायचं नाही. वायरींचा गुंता सोडवण्यात आयुष्यातले किती तास गेले हे आठवलं तरी वैताग येतो. पण सोनीच्या १९७९ च्या वॉकमनपासून घरोघरी पोचलेल्या त्या पिनेचा एक गुण होता. हेडफोन बिघडायचा तो बहुतेक एकाच जागी, पिनेच्या मुळाशी, जिथे वायर वाकून वाकून आतून तुटते. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला कुणीही कारागीर जुनी पिन कापून नवी सोल्डर करून द्यायचा. चहा संपेपर्यंत काम व्हायचं. महागडा हेडफोन असला तर माणसं तो पाच-सात वर्षंही वापरत. बिघाड कुठे होतो हे सगळ्यांना माहीत होतं आणि तिथे हात पोचत होता.

हात पोचणं हाच सगळा मुद्दा आहे, आणि तो बिनवायरीच्या जगातही शक्य आहे याचा पुरावा रस्त्यावरच्या नेकबँडमध्ये मिळतो. रिक्षावाले, सुरक्षारक्षक, डिलिव्हरीवाले, बांधकामावरचे मुकादम यांच्या गळ्यात दिसतो तो बहुधा नेकबँडच. चोखंदळ मंडळी त्याला नाकं मुरडतात. त्याच्या दोन्ही टोकांच्या ठोकळ्यांत जागा असते, त्यामुळे बॅटरी मोठी बसते आणि एका बॅटरीवर दोन्ही कान चालतात. ठोकळा बहुधा स्क्रू ड्रायव्हरने, कधी तर नखानेही उघडतो. गल्लीतला मोबाइल दुरुस्तीवाला जुनी, चपट्या पाकिटासारखी पाउच सेल काढून, लाल-काळ्या दोन तारा जोडून नवी बसवून देतो आणि वस्तू पुढचं वर्ष-दोन वर्ष काढते. कमी पैशांत राबवून घेतली जाणारी माणसं हीच वस्तू निवडतात यात नुसती स्वस्ताई नाही. ती हिशेबी निवड आहे. महागड्या, चकचकीत डबीतल्या बड्सपेक्षा गळ्यातला तो पट्टा जास्त काळ चालतो हे त्यांना अनुभवाने कळलेलं आहे.

'बड्स इवलेसे असतात, त्यांत बदलता येणारी सेल बसवणं शक्य नाही', हा कंपन्यांच्या बाजूने नेहमी येणारा पहिला युक्तिवाद. तो ऐकला की मला श्रवणयंत्रं आठवतात. तीही कानातच बसतात, काही तर बडपेक्षा लहान असतात. त्यांच्या झिंक-एअर बटण सेल १०, ३१२, १३ आणि ६७५ अशा ठरलेल्या आकारांत येतात. प्रत्येक आकाराला जगभर एकच रंग आहे: १० ला पिवळा, ३१२ ला तपकिरी, १३ ला नारिंगी, ६७५ ला निळा. कंपनी कुठलीही असो, औषधाच्या दुकानात 'नारिंगी द्या' म्हटलं की काम होतं. ऐंशी वर्षांचे आजोबा थरथरत्या बोटांनी ते इवलंसं दार उघडून सेल बदलतात. या सेल पुन्हा चार्ज होत नाहीत आणि बड्सइतकी वीजही त्यांना द्यावी लागत नाही, त्यामुळे त्याच सेल बड्सना चालतील असं नाही. पण इवल्या वस्तूला दार करता येतं आणि एका उद्योगाला सेलचे आकार आपसात ठरवता येतात, एवढं त्यांनी केव्हाच दाखवून दिलं आहे. तिथे ते जमलं, इथे कुणी भाग पाडलं नाही म्हणून जमलं नाही.

बरं, चार्ज होणाऱ्या सेलचंही उदाहरण आहे. सॅमसंगच्या २०१९ च्या गॅलॅक्सी बड्समध्ये बटणासारखी गोल सेल होती, ती सोल्डर केलेली नव्हती. कवच जपून उघडलं तर काढून दुसरी घालता येत असे. 'फेअरफोन' या डच कंपनीने २०२४ च्या एप्रिलमध्ये आणलेल्या फेअरबड्समध्ये दोन्ही बड्सच्या आणि डबीच्याही बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः बदलता येतात, आणि घाम-पावसाच्या शिंतोड्यांना तोंड देण्याची तजवीजही त्यात आहे. तेव्हाची किंमत १४९ युरो, म्हणजे आपल्याकडच्या हजार-पंधराशेच्या बड्सपुढे भरमसाट. पण ती किंमत दारापायी वाढलेली नाही. लहान कंपनी, थोडं उत्पादन आणि कामगारांना बरं वेतन देण्याचं धोरण, यांचा तो भाव आहे. लाखोंच्या संख्येने बनणाऱ्या वस्तूत एक रबरी कडं आणि एक झाकण वाढवायला किती खर्च येईल, हे सांगायला अभियंता असण्याची गरज नाही.

दुसरा युक्तिवाद जास्त चलाख आहे. तंत्रज्ञानच इतक्या झपाट्याने बदलतं की लोक बड्स तसेही बदलतात, मग टिकाऊपणाचा आग्रह कशाला? यात थोडं तथ्य आहे. आजवरच्या ब्लूटूथची एक अडचण अशी की गाणी ऐकताना एक पद्धत चालते आणि बोलताना दुसरी. गाणी दोन्ही कानांत वेगवेगळी, भरघोस येतात. फोन आला की बोलणं दोन्ही दिशांनी न्यायचं असतं, म्हणून जोडणी जुन्या हँड्सफ्री पद्धतीवर उतरते, स्टिरिओ संपतो आणि आवाज एकदम डब्यातून आल्यासारखा होतो. लॅपटॉपवर मीटिंग सुरू झाली की पार्श्वसंगीताचं भजं का होतं, याचं कारण हेच. आपला हेडसेट बिघडला अशी पुष्कळांची समजूत होते. २०२० मध्ये जाहीर झालेल्या 'एलई ऑडिओ' या नव्या मानकाने आणि त्याच्या एलसी३ कोडेकने (आवाज आटोपशीर करून पाठवायच्या पद्धतीने) ही अडचण दूर करायचा मार्ग दिला आहे. तेव्हा नवं घेण्यासारखं काही येत नाही असं नाही. पण नवं आलं म्हणून घेणं वेगळं आणि जुनं मेलं म्हणून घ्यावं लागणं वेगळं. पहिलं निवडीचं स्वातंत्र्य आहे. दुसऱ्यात निवड कुठे आहे? नव्या कोडेकसाठी बड्स बदलणाऱ्या माणसाचे जुने बड्स, बॅटरी चांगली असती तर, घरातल्या धाकट्याला मिळाले असते. आज तेही होत नाही.

यात आरोग्याचाही एक धागा आहे, तो सहसा वेगळ्याच लेखात येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते १२ ते ३५ वयोगटातल्या शंभर कोटींहून अधिक तरुणांना मोठ्या आवाजात ऐकण्याच्या सवयीमुळे श्रवणदोषाचा धोका आहे. प्रौढांसाठी ८० डेसिबल पातळीवर आठवड्याला ४० तास ही तिने सांगितलेली मर्यादा. लोकलच्या खडखडाटात माणूस आवाज वाढवतो तो गाडीवर मात करायला. बाहेरचा गोंगाट दाबणारी 'नॉइज कॅन्सलेशन'ची सोय इथे खरोखर उपयोगी पडते, कारण गोंगाट कमी झाला की कमी आवाजातही ऐकू येतं. पण ही सोय बॅटरी खाते. सेल थकली की लोक पहिली हीच सोय बंद करतात आणि आवाजाची पट्टी वर सरकवतात. अर्धमेली बॅटरी म्हणजे नुसती गैरसोय नव्हे.

आता सरकारकडे वळू. आपल्याकडे याबाबत काहीच नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. उलट कागदावर पुष्कळ आहे. ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या जुलैमध्ये 'राइट टु रिपेअर'साठी, म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी, समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं तिने ठरवली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात दुरुस्तीचं पोर्टलही सुरू झालं. पुढे दुरुस्तीयोग्यतेला गुण देणारा निर्देशांक कसा असावा याचा अहवाल २०२५ मध्ये आला. त्याचा पहिला रोख स्मार्टफोन आणि टॅब्लेटवर आहे. कानातल्या वस्तूंचा क्रम कधी लागेल कोण जाणे. खरं तर सुरुवात तिथूनच व्हायला हवी होती. फोनची बॅटरी आजही गल्लीत बदलून मिळते. बड्सची सहसा मिळत नाही.

ई-कचऱ्याचे नियमही आहेत. २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, पूर्वीच्या २१ ऐवजी १०६ प्रकारच्या वस्तू त्यांच्या कक्षेत आल्या आणि पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकावर टाकली गेली. बॅटऱ्यांच्या कचऱ्यासाठी २०२२ मध्येच वेगळे नियमही झाले. हे सगळं स्वागतार्ह, पण बड्सच्या बाबतीत त्याचा उपयोग कसा होणार ते पाहा. उत्पादकाचं उद्दिष्ट वजनात मोजलं जातं आणि नोंदणीकृत पुनर्प्रक्रियाकाराकडून प्रमाणपत्रं विकत घेऊन ते पुरं करता येतं. एका बडचं वजन असतं चार-पाच ग्रॅम. जुना टीव्ही भंगारवाल्याला हवा असतो, बड्स त्याच्या काट्यावर काटाही हलवत नाहीत. पुण्यात दारोदार कचरा गोळा करणाऱ्या 'स्वच्छ'च्या कचरावेचक बाईने ते ओल्या कचऱ्यातून उचलून वेगळे काढावेत तर त्यातून तिच्या हाती काय पडणार? मग ते जातात डेपोवर, आणि कचरा दाबणाऱ्या यंत्राखाली लिथियम सेल चेपली की आग लागू शकते, हा जगभरच्या कचरा व्यवस्थेला झालेला नवा ताप आहे. वस्तू मेल्यावर तिचं काय करायचं यावर आपण नियम लिहिले. ती इतक्या लवकर का मरते हे विचारलं नाही.

हे विचारायचा अधिकार सरकारला आहे, कारण या उद्योगाला सरकारने हात दिला आहे. २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात कानात घालायच्या उपकरणांचं देशात उत्पादन वाढावं म्हणून आयात शुल्काची टप्प्याटप्प्याची रचना करण्यात आली. त्याच वर्षी इतरांसाठी इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवणाऱ्या 'डिक्सन टेक्नॉलॉजीज'ने 'बोट' या हेडफोनच्या ब्रँडच्या मालक कंपनीबरोबर बिनवायरीची श्राव्य उपकरणं बनवायला भागीदारीत कंपनी काढली. बिनवायरीचे हेडफोन विकण्याआधी भारतीय मानक ब्यूरोची सक्तीची नोंदणी लागते. शॉक लागणार नाही, पेट घेणार नाही हे तपासूनच माल बाजारात येतो. म्हणजे चौकट तयार आहे, तपासणारी प्रयोगशाळा आहे, पेटीवर छापायचा नोंदणी क्रमांकही आहे. त्या यादीत एक कलम वाढवायचं आहे: बॅटरी साध्या अवजाराने, कवच न फोडता बदलता येते का? येत नसेल तर नोंदणी नाही. त्याला जोडून दोन गोष्टी हव्यात. बदली सेल आणि सुटा एक बड, दोन्ही मॉडेल बंद झाल्यावर निदान पाच वर्षं जाहीर दरात मिळाले पाहिजेत, आणि नव्या बडची जुन्याशी जोडी जमवायचं सॉफ्टवेअर कुलूपबंद ठेवता कामा नये. सुट्या बडचं मी मुद्दाम सांगतो, कारण बड्स बॅटरीमुळे जातात तसे हरवण्यामुळेही वाया जातात. चर्चगेटच्या फलाटावरून रुळांत पडलेला एक बड म्हणजे उरलेला एक बड आणि डबीही कचऱ्यात.

पेटीवर काय छापलेलं असतं ते एकदा निवांत वाचा. '५० तास प्लेबॅक', '१३ मिमी ड्रायव्हर', 'दहा मिनिटांत तीन तास'. ते ५० तास डबी धरून असतात, हे बारीक अक्षरात. किती फेऱ्यांनंतर सेल किती उरेल हे मात्र कुठेच नाही. फ्रिजवर वीजबचतीचे तारे २००६ पासून यायला लागले तेव्हा दुकानदार हसले होते म्हणतात. आज गिऱ्हाईक तारे मोजूनच फ्रिज घेतं. बड्सच्या पेटीवर बॅटरीचं अपेक्षित आयुष्य आणि बदलण्याचा खर्च ठळक छापला, तर हजाराचे बड्स आणि अडीच हजारांचे बड्स यांतलं खरं स्वस्त कुठलं हे घेणाऱ्याला आपोआप कळेल.

दुरुस्तीवाल्यांची बाजूही डोळे झाकून घेऊ नये. लिथियम सेलला टोचलं तर ती पेट घेऊ शकते, आणि बाजारात कुठलंही लेबल लावलेल्या सुमार सेल ढिगाने मिळतात. आज बड्स उघडणारा कारागीर हीट गन लावून, पातळ पातं घालून अंदाजाने कवच उचकटतो. त्यात त्याच्या बोटांना धोका असतो आणि गिऱ्हाइकाच्या कानालाही. कंपन्या हेच कारण पुढे करून म्हणतात की बाहेर उघडू नका. पण धोका आहे तो उचकटण्यात. दार असेल, सेल प्रमाणित असेल आणि ती बसवायची रीत छापील मिळत असेल, तर हा धोका बराचसा नाहीसा होतो. आयटीआयच्या अभ्यासक्रमात मोबाइल दुरुस्ती शिकवताना हे सहज घालता येईल.

बॅटरी बदलता येण्याची अशी सक्ती युरोपीय संघाने केली आहे. त्यांच्या २०२३ च्या बॅटरी नियमनानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांतल्या लहान बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आल्या पाहिजेत. मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यानंतर पाच वर्षं बदली बॅटरी वाजवी दरात मिळाली पाहिजे, आणि सॉफ्टवेअरने बदलीत आडकाठी करायची नाही. त्यात एक फट आहे. मुख्यतः पाण्याच्या संपर्कात वापरायच्या, धुता येण्याजोग्या उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याऐवजी तंत्रज्ञाने बदलली तरी चालते, आणि घाम-पावसाचं नाव पुढे करून बड्स त्या फटीतून निसटवायचा प्रयत्न होणार हे उघड आहे. आपण नियम करताना ती फट पहिल्यापासून बुजवायला हवी. पावसात सापडणं आणि पाण्यात वापरणं यांतला फरक मुंबईकराला तरी समजावून सांगायला नको.

घाई आहे ती या तारखेमुळे. जगातले पुष्कळ बड्स त्याच त्या कारखान्यांतून निघतात आणि वेगवेगळ्या नावांनी वेगवेगळ्या देशांत जातात. युरोपात जो माल २०२७ नंतर विकता येणार नाही, त्याचे साचे, त्याची गोंदाची यंत्रं आणि गोदामात पडलेले नग कुठेतरी खपवावे लागतील. ज्या देशात नियम नाही, गिऱ्हाईक कोट्यवधी आहे आणि किंमत शंभर रुपयांनी उतरली तरी उड्या पडतात, तिथेच तो माल येईल. त्याच कंपन्या युरोपसाठी दार असलेले बड्स बनवतील आणि आपल्यासाठी चिकटवलेले, 'सणासुदीची खास सवलत' लावून. हे टाळायचं तर मानक ब्यूरोच्या यादीतलं ते कलम त्या तारखेच्या आधी यायला हवं, नंतर नव्हे.